पूर्णेवरची फटफटी

वऱ्हाडात जाऊन मोटारबोटीत बसून आले, असं सांगितलं की अलिबागेत लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "ऊन फार लागलं का गं तिकडे?" त्यांचं चुकत नाही. वऱ्हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळी जमीन, कापसाच्या गाड्या आणि रणरणतं ऊन एवढंच येतं. मीही तेवढंच घेऊन गेले होते. येताना मात्र हाताला पेट्रोलचा वास आणि कानात फटफट घेऊन आले. हे सगळं एकदाचं लिहून काढलं म्हणजे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्याचा माझा त्रास वाचेल.

आधी बोट कुणाची ते सांगते. ती माझ्या मेव्हण्यांची, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का हिच्या यजमानांची. ते अकोल्याचे वकील आणि घरचे मोठे जमीनदार. तिकडे त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, मी भाऊजी म्हणते. मुंबईत वकिली शिकत असताना ते एकदा लाँचने आमच्या किनाऱ्याला आले. त्या लाँचवर माझे वडील इंजिन चालवत. भाऊजींना त्या फेरीत दोन गोष्टी आवडल्या, एक बोट आणि दुसरी इंजिनवाल्याची थोरली मुलगी. मुलीला रीतसर मागणी घालून त्यांनी वर्षाच्या आत नेलं. बोटीला वेळ लागला. कोणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली हौसेची मोटारबोट लिलावात काढून गेला, ती भाऊजींनी घेतली आणि बैलगाडीवर घालून पूर्णा नदीच्या डोहात नेऊन सोडली. तिचं नाव ठेवलं 'वायुलहरी'. गावाने ठेवलं 'दादासायबाची फटफटी'. कोणतं टिकलं हे सांगायला नकोच.

अकोला

शाळेला गणपतीची सुटी लागली तशी मी निघाले. मेलगाडीचा प्रवास सगळ्यांचा सारखाच असतो, त्याचं काय सांगायचं! अकोल्याच्या स्टेशनवर भाऊजी हजर होते. मी खाली पाय ठेवते न ठेवते तोच म्हणाले, "या मेहुणीबाई! पयले चहा, का पयले बोट?"

"पहिली अक्का," मी म्हटलं.

अक्का दारातच उभी होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "काहून वं, इतकी वायली?" वाळली म्हणायचं होतं तिला. चौदा विद्या शिकवल्या तरी जी 'ळ'चा 'य' कधी करायची नाही, ती माझी बहीण पार वऱ्हाडी झाली होती! पुण्याकडच्या माणसाला ही भाषा अंगावर आल्यासारखी वाटते म्हणतात. मला नाही वाटली. तिथे पोटात एक आणि ओठात एक असा प्रकारच नाही. "जेवतां का?" असं विचारत नाहीत, "जेव!" म्हणतात आणि ताट पुढे सारतात.

जेवताना घरातली खरी अडचण कळली. भाऊजींना एक धाकटे भाऊ आहेत, बापू. गेल्या साली दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. अलीकडच्या काठची सोनखेडची जमीन भाऊजींकडे आली, आणि बापू आपल्या बायकोला, वत्सलेला घेऊन पूर्णेच्या पलीकडे मांडव्याला राहायला गेले. वाटणी म्हटली की मन थोडं आंबायचंच. पण एक गोष्ट वाटता येण्यासारखी नव्हती, ती म्हणजे घराण्यातल्या महालक्ष्मींचे चांदीचे मुखवटे. आपल्याकडे गौरी येतात, तशा तिकडे महालक्ष्म्या उभ्या राहतात, पण थाट केवढा! सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, वर टांगलेला फुलोरा, आणि सारं गाव जेवायला. घराण्याचा नियम असा ठरला, की मुखवटे एक साल थोरल्याकडे आणि एक साल धाकट्याकडे. ज्याची पाळी त्याच्या दारी आवाहनाच्या दिवशी दिवस मावळायच्या आत पोचले पाहिजेत. नाही पोचले, तर देवीला तिथे यायचं नव्हतं असं समजायचं, आणि पाळी गेली.

यंदा वत्सलेची पहिली पाळी. आणि नेमके यंदाच मुखवटे अमरावतीच्या सोनाराकडे! थोरल्या देवीचं नाक चेपलं होतं, ते दुरुस्त करायला भाऊजींनी दिले होते.

"वच्छीले वाटून राह्यलं, आमी मुद्दाम केलं," अक्का म्हणाली. "तिले द्यायचे नाईत म्हनून सोनाराकडं टाकले, असं ते साऱ्या गावात सांगून राह्यली."

"मग भाऊजींनी तिला स्वतः सांगावं की, असं नाही म्हणून," मी म्हटलं.

जेवणारे हात थांबले. अक्काने मला समजावलं. वऱ्हाडात नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासरा आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. तो आला की ती पदर ओढून बाजूला होते, तो तिच्यापासून दोन हातांवर उभा राहतो, आणि बोलायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस लागतं. दोघं एका ओसरीवर असली तरी "त्यायले सांगा" आणि "तिले सांगा" असं चालतं. आपल्याकडेही थोरला दीर आला की बायका उठून उभ्या राहतात, पण बोलणंच नाही असं मी पाहिलं नव्हतं. अशा रीतीत एकदा गैरसमज शिरला की तो निघायला दार कुठलं? भाऊजींनी तिसऱ्या माणसाकरवी निरोप धाडला होता, की मुखवटे मी स्वतः आणीन, माझ्या बोटीने, वाजतगाजत. तिसऱ्या माणसाने त्यात काय मीठमिरची घातली देव जाणे. वत्सलेचं उत्तर आलं, "ती फटफटी? ते तर मधातच बंद पडते!"

हे उत्तर भाऊजींना फार लागलं होतं. आणि मग मला कळलं, की मला पत्रावर पत्रं घालून का बोलावलं होतं. इंजिनवाल्याची दुसरी मुलगी हवी होती.

सोनखेड

दुसऱ्या दिवशी दमणीत बसून सोनखेडला गेलो. दमणी म्हणजे छोटी, छपराची, धावत्या बैलांची गाडी. दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी आणि कपाशीची पिवळी फुलं होती. शेतावर पोचल्यावर तहान लागली म्हणून विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, आणि मी घरीच परत आल्यासारखं वाटलं. खारट! समुद्रापासून इतकी लांब आले तर इथेही खारं पाणी! पूर्णेच्या काठचा तो पट्टाच तसा आहे, विहिरी खाऱ्या आणि नदी गोड. आमच्याकडे बरोबर उलट, असं मी म्हणाले तर तिथला गुलाबराव म्हणाला, "मंग तुमी पानी पेता तरी कुठचं, बाई?"

गुलाबराव भाऊजींचा शेतावरचा कारभारी. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. बोट आल्यापासून तो बोटीचाही कारभारी झाला होता, आणि बैलाला घालतात तशी त्याने बोटीच्या नाकाला घुंगरांची माळ घातली होती.

बोट खरोखर देखणी होती. पांढरी, निमुळती, चौघं ऐसपैस बसतील एवढी. पुढे नाकाशी पेट्रोलची टाकी, तिला पितळी फिरकीची टोपी, मध्ये एका फळीच्या पेटीत इंजिन. भाऊजींनी हँडल मारलं, इंजिन गरजलं, काठावरची ढोरं शेपट्या वर करून पळाली आणि आम्ही डोहात शिरलो. वारा तोंडावर आला. मला वडिलांची आठवण झाली. तेवढ्यात इंजिनाने खाकरल्यासारखं केलं, दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

"पाह्यलं? अशीच करते," गुलाबराव म्हणाला, जणू तिची खोड सांगावी.

आम्ही वाहत वाहत बाभळीच्या झुडपात जाऊन अडकलो. शेवटी काठावरून दोर टाकून बैलजोडीने आम्हाला ओढून काढलं. दर्यावर वाढलेली मी, आणि मला बैलांनी किनाऱ्याला लावलं!

काठावर बसून मी इंजिन उघडलं. पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात ती पितळी डबी सोडवली. तिला कार्बुरेटर म्हणतात. तिच्या पोटात सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून सगळं पेट्रोल जातं. त्या भोकात पांढरे बारीक तंतू अडकले होते. मग टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात घेतलं. तळाशी पाण्याचे थेंब, मोत्यांसारखे गोल.

"हे पेट्रोल कशातून गाळलं?" मी विचारलं.

"धोतरातून," गुलाबराव अभिमानाने म्हणाला. "कोरं धोतर होतं, बाई! जुनं नाई वापरलं."

कोऱ्या धोतराचे तंतू सुटणार नाहीत तर काय होईल! तंतू एका बाजूने आणि पाणी दुसऱ्या बाजूने. पाणी कुठून आलं हे शोधायला वेळ लागला नाही. टाकी उघड्यावर, आणि पाऊस रोजचा. मी भाऊजींना म्हटलं, "टाकीत पाण्याचा थेंब शिरता कामा नये. आणि पेट्रोल गाळायला मऊ कातडं हवं. माझे वडील कातड्यातूनच गाळायचे. त्यातून पेट्रोल जातं, पाणी जात नाही."

"थेंब शिरनार नाई," भाऊजी म्हणाले. "ते माह्यावर सोडा."

मी सोडलं. तिथेच पुढचं सगळं रामायण घडलं.

अमरावती

मुखवटे आणायला भाऊजी आणि मी अमरावतीला गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. जुन्या शहराला दगडी परकोट आहे, आणि त्याच्या दरवाज्यातून आत गेलं की सराफा. अंबादेवीचं दर्शन घेतलं, आणि देवीला सांगितलं की तुझ्याच घरचं काम आहे, आमची लाज राख.

सोनाराचं काम झालं नव्हतं. तो मांडी घालून, डोळ्याला भिंग लावून बसला होता, आणि समोर लाकडाच्या ठोकळ्यावर महालक्ष्मी, बिननाकाची.

"उद्या या," तो म्हणाला.

"उद्या उद्या करत पंधरवडा गेला!" भाऊजी तापले. "आवाहन जवळ आलं!"

"दादासाहेब, देवीचं नाक हाये. वाकडं बसलं त मले सात जन्म रस्त्यानं जाता येनार नाई. तुमी वकील, तुमची तारीख पुढं जाते. माही नाई का जात?"

भाऊजी हसू लागले आणि रागाची हवा गेली. आम्ही राहिलो. बाहेर पावसाने झड लावली होती. मी सोनाराजवळ बसून बघत होते. त्याच्या मांडीवर एक कातडं पसरलेलं, चांदीचा कीस त्यावर पडावा म्हणून, आणि मुखवट्यांना अखेरची झिलई द्यायला दुसरं, हरणाचं, लोण्यासारखं मऊ. मी ते बोटांनी चाचपलं. अगदी वडिलांच्या पेटीतल्यासारखं!

"याचा एखादा तुकडा द्याल का?" मी विचारलं.

"काय करता, बाई?"

"पेट्रोल गाळते."

त्याने भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. मग भाऊजींकडे पाहिलं. मग काही न विचारता गाठोड्यातून एक नवा तुकडा काढून दिला. दुसऱ्या दिवशी देवीचं नाक असं सरळ आणि तेजदार बसलं, की भाऊजींनी सोनाराला हात जोडले. मुखवटे खणात गुंडाळून, पेटीत घालून आम्ही अकोल्याला आलो.

घरी अक्काने गोळाभात केला होता. डाळीचे गोळे भातात शिजवतात आणि वरून मोहरीची फोडणी दिलेलं कडकडीत तेल घेतात. आमच्या सोलकढीच्या जिभेला ते तिखट लागलं, पण मी दोनदा घेतला. तेल संपलं म्हणून अक्काने घाण्यावरून आलेला नवा डबा काढला, खिळा ठोकून त्याला एक भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. तेल यायलाच तयार नाही. आलं ते गळप करून एकदम, आणि तिच्या लुगड्यावर. मग पुन्हा बंद.

"बाप्पा! याले श्वास घ्याले जागा नको का?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडलं. तेलाची धार सरळ लागली. मी तिच्या लुगड्याला हसले आणि विसरून गेले.

सकाळी निरोप आला, पूर्णेला पूर आला आहे.

पूर्णा

आवाहनाच्या दिवशी पाऊस उघडला. आम्ही सोनखेडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ज्या डोहात आम्हाला बैलांनी ओढलं होतं, तो डोह कुठे गेला ते दिसेना. समोर लाल, गढूळ, रुंद पाणी. पूर ओसरू लागला होता, पण खालचा रपटा, म्हणजे नदी ओलांडायची ठेंगणी दगडी वाट, अजून पाण्याखाली होता. डोंगा चालवणारे भोई काठावर चिलीम ओढत बसले होते.

"उद्या सोडू, दादासाहेब. आज वल्ह्याचं काम नाई."

उद्या म्हणजे पाळी गेली. पलीकडे मांडव्याच्या घाटावर माणसं जमलेली दिसत होती, आणि पायरीवर एक लाल लुगडं. "ते वच्छी," अक्का म्हणाली. "सकाळपासून उभी असन."

भाऊजी माझ्याकडे बघत होते. वकिली सगळी गेली होती, नुसता माणूस उरला होता. "बोट जाईन का?" त्यांनी विचारलं.

मी पेट्रोल सोनाराच्या कातड्यातून थेंबथेंब गाळलं. कातड्यावर पाणी राहिलं, ते फेकून दिलं, आणि गुलाबरावाने पेट्रोल टाकीत भरून टोपी लावली. कार्बुरेटरचं ते बारीक भोक फुंकून साफ केलं. नळी साफ केली. इंजिन लावून बघितलं, घड्याळासारखं चाललं. "जाईल," मी म्हटलं. "माझी हमी."

अक्का रोवळीत तांदळावर मुखवटे ठेवून, ती मांडीवर घेऊन मध्ये बसली. भाऊजी सुकाणूवर, मी इंजिनाशी, गुलाबराव पुढे बांबू घेऊन. "बोला अंबामाता की जय!" गुलाबराव ओरडला, घुंगरं वाजली आणि आम्ही निघालो.

पहिल्यांदा सारं झकास चाललं. पाणी ओढत होतं, पण इंजिन त्याहून जोराने ढकलत होतं. भाऊजी ताठ बसले. पलीकडच्या काठावर लोक हात हलवू लागले. मी मनात वडिलांना म्हटलं, बघा!

आणि धारेच्या ऐन मध्यावर इंजिनाने खाकरलं आणि ते बंद पडलं.

बोट धारेला आडवी झाली. गुलाबरावाने बांबू टाकून दिला आणि टाकीची टोपी उघडली. "पेट्रोल त भरून हाये!" टोपी लावली. मी हँडल मारलं. इंजिन सुरू! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. थोडं पुढे गेलो, तोच पुन्हा खाकरलं, पुन्हा बंद. आम्ही घाटाच्या बरेच खाली वाहत आलो होतो. पलीकडे लोकांचे हात खाली आले. आणि ते लाल लुगडं वळलं. वत्सला घाटाच्या पायऱ्या चढून परत जाऊ लागली होती.

भाऊजींनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "झालं," ते म्हणाले. "आता मी तोंडात गंगाजल घेऊन सांगितलं तरी ते म्हनन, यायनं मुद्दाम बंद पाडली. बंद पडते हे त साऱ्या गावाले ठाऊकच हाये." डोळ्यांत पाणी आलेला वकील मी पहिल्यांदाच पाहत होते. मला भीती बुडण्याची नव्हती, आम्ही दोघी पोहणाऱ्या. माझ्या मनात एकच होतं, की ही बाई रडत घरी चालली आहे आणि तिचा समज खोटा आहे.

गुलाबरावाने सवयीने पुन्हा टोपी फिरवली. आणि या वेळी मला ऐकू आलं. फुस्स! टाकीने श्वास आत ओढल्यासारखा आवाज.

माझ्या डोळ्यांपुढे अक्काचा तेलाचा डबा उभा राहिला.

"टोपी लावू नका!" मी किंचाळले. "द्या इकडे!"

पेट्रोलच्या टोपीला वर एक बारीक भोक असतं. आतलं पेट्रोल जसं खाली उतरतं, तसा त्या भोकातून वर वारा शिरतो. वारा शिरला नाही तर पेट्रोल खाली यायचंच थांबतं. मी टोपी उलटीसुलटी केली. भोकाच्या जागी लालभडक गोल टिकली, वर चक्क शिक्का उमटलेला.

"हे काय आहे?"

भाऊजींनी मान वर केली. त्या हालतीतही आवाजात थोडा अभिमान होताच. "तुमीच म्हनलं न, थेंब शिरला नाई पाह्यजे? भोकात माह्या सोताच्या शेतातला कापूस ठासला, एक नंबरचा. अन् वरून कोर्टाची लाख लावून सील केलं. पान्याचा थेंब जानार नाई!"

"थेंब जाणार नाही, भाऊजी, वाराही जाणार नाही! टाकीचा गळा आवळलात तुम्ही!"

कापूस भरायचा तर घरच्याच शेतातला, आणि बंद करायचं तर कोर्टाच्याच लाखेने! असला दुहेरी बंदोबस्त वऱ्हाडातला जमीनदार वकीलच करू जाणे. लाख दगडासारखी कडक झाली होती. केसांतला आकडा लावला, तो वाकला. "पानाचा डबा!" मी म्हटलं. अक्काने नवऱ्याच्या खिशातला पानाचा डबा उघडून अडकित्ता उपसला. सुपारी फोडावी तसं मी ते सील फोडलं, आकड्याच्या टोकाने कापूस ओढून काढला आणि भोकातून फुंकून पाहिलं. फुंकर आरपार गेली. पाऊस नव्हताच. टोपी बसवली, हँडल मारलं.

आणि फटफटी गरजली. असली गरजली, की मला वाटलं अकोल्यापर्यंत ऐकू गेली असेल! आम्ही धारेला नाक करून उलट्या बाजूने वर निघालो. खाकरणं नाही, आचका नाही. घुंगरं नाचत होती, गुलाबराव नाचत होता, त्याला खाली बसवायला अक्काला त्याचं धोतर ओढावं लागलं. काठावरून लोक धावत आमच्या बरोबरीने येत होते, "आली रे आली!" म्हणून ओरडत होते. मी मोठमोठ्याने हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काय सांगू, आयुष्यात मला इतका आनंद फार थोड्या वेळा झाला आहे.

मांडवे

बापू कमरेइतक्या पाण्यात उतरून आले आणि त्यांनी बोटीचा दोर धरला. थोरल्या भावाकडे पाहिलं, थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. बापूंनी हात पुढे केला आणि भाऊजी तो धरून उतरले.

सूर्य अजून शेताच्या वर होता. अक्का रोवळी घेऊन पुढे, मागे मी, मागे सारं गाव. वत्सलेच्या अंगणापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती. पण दार लोटलेलं होतं. ती आत जाऊन बसली होती, बाहेरच्या गलबल्याचा अर्थ तिला कळला नसावा, किंवा कळून खरा वाटला नसावा.

रीत अशी, की देवी आणणारी बाहेर उभी राहते आणि घरधनीण आतून विचारते. अक्काने कडी वाजवली. मग आतून रडून जड झालेला आवाज आला, "कोन आलं?"

"लक्ष्मी आली," अक्का म्हणाली.

"कशाच्या पावलानं आली?"

याला 'सोन्याच्या पावलानं' असं बायकांनी उत्तर द्यायचं असतं. अक्काने तोंड उघडलं. पण तिच्या आधी मागून आवाज आला, पुरुषाचा. भाऊजी अंगणाच्या मध्यावर उभे होते, धोतर पोटरीपर्यंत चिखलाने माखलेलं, मुठीत फुटलेल्या लाखेचा तुकडा.

"बंद पडत पडत आली, वत्सला," ते म्हणाले. "पन तुह्या दारी आली. मी मुद्दाम नव्हती थांबवली."

भासरा भावजयीशी बोलला होता, नाव घेऊन, साऱ्या गावादेखत. दार उघडलं. वत्सला पदर पार नाकापर्यंत ओढून उभी होती. ती अक्काजवळ आली, तिने देवी आणणारीच्या पायांवर पाणी घातलं, आणि खण थोडा सारून थोरल्या देवीचं नवं नाक पाहिलं. मग तिने डोळे पुसले. रोवळी आपल्या हातात घेतली, आणि कुंकवाच्या पावलांवरून मागे मागे सरकत देवींना घरात नेलं.

त्या रात्रीचं आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण मी काय वर्णावं! सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कोहळ्याची तळलेली गोड बोंडं, तुपात बुडालेली पुरणपोळी. बापू आणि भाऊजी एका पंगतीत, पाटाला पाट लावून बसले. सील फोडल्याची गोष्ट गुलाबराव प्रत्येक पंगतीला सांगत होता, आणि प्रत्येक पंगतीला पूर थोडा वाढत होता.

निघताना वत्सलेने माझी ओटी भरली. भाऊजी अंगणात चपला घालत होते. ती उंबऱ्याशी आली, पदर ओढला, आणि रीतीप्रमाणे माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "त्यायले सांगा, पुढच्या साली मी सोता मुखवटे घेऊन येईन. त्याच बोटीनं. पन कापसाचा बोळा काढून ठेवा म्हना."

मी भाऊजींना तसं सांगितलं. ते तिच्यापासून दोन हातांवर उभे होते आणि सगळं ऐकतच होते.